जुनी पिकअप : सांगितलेला भाव आणि खरा भाव

अमरावती-अकोल्याकडच्या आपल्या कितीतरी घरांची रोजी आज एका मालवाहू गाडीवर चालते. फळांचा धंदा, भंगार, वेल्डिंगचं दुकान, मंडप-डेकोरेशन, बकऱ्यांची ने-आण, आठवडी बाजार. बाप हातगाडी ओढायचा, मुलानं छोटा हत्ती घेतला, आता धाकट्याला पिकअप हवी आहे. नवी परवडत नाही, म्हणून जुनी पाहायची. घरानंतरचा सगळ्यात मोठा सौदा हाच असतो. पण शिलाई मशीन घेताना चार दुकानं पालथी घालणारं घर पाच लाखांची गाडी चहाच्या टपरीवर अर्ध्या तासात ठरवून मोकळं होतं. दलाल म्हणतो, "भाऊ, गाडी एक नंबर हाय, फकस्त चाबी मारा अन् न्या." आपण चाबी मारतो, इंजिन सुरू होतं, आणि बयाणा देऊन येतो.

आमच्या घरात दोन भाऊ. एक शाळेत शिकवतो, दुसरा गेली पंचवीस वर्षं डिझेल गाड्यांखाली झोपून हात काळे करतो. त्यामुळे दर काही महिन्यांनी कुणीतरी येतं आणि विचारतं, "सर, जरा तुमच्या भावाला घेऊन चला ना, एक गाडी पाहायची आहे." अशा फेऱ्यांतून आमचा एक हिशेब तयार झाला आहे. तो इथे मांडतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढून टाकावी. मालकानं गाडी कितीला घेतली होती, याचा आजच्या भावाशी संबंध नाही. "मी साडेनऊला उचलली होती" हे वाक्य प्रत्येक सौद्यात येतं आणि ऐकणारा नकळत साडेनऊपासून उतरायला लागतो. मोजायचं ते आज तशीच नवी गाडी किती रुपयांना मिळते तिथून. यात अलीकडे एक मोठा फरक पडला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे करासकट जी गाडी १२८ रुपयांना पडायची ती ११८ ला पडू लागली, पावणेआठ टक्क्यांच्या आसपास स्वस्त. नऊ लाखांच्या गाडीमागे हे सत्तर हजार रुपये होतात. नवी सत्तर हजारांनी उतरली तर जुनीनंही उतरायला हवं. विकणारा हे आपणहून सांगणार नाही. म्हणून जुनी गाडी पाहायला जाण्याआधी शोरूममध्ये जाऊन त्याच मॉडेलचं आजचं कोटेशन लेखी घ्यावं. ते फुकट मिळतं.

दुसरा आकडा गाडीच्या स्वतःच्या कागदातच असतो. विम्याच्या पॉलिसीवर 'आयडीव्ही' म्हणून एक रक्कम छापलेली असते, म्हणजे विमा कंपनीनं धरलेली गाडीची किंमत. तिचं कोष्टक ठरलेलं आहे. गाडी सहा महिन्यांची असेल तर यादीतल्या किमतीतून ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढे कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. हे कोष्टक गाडीचं वय पाहतं, तब्येत पाहत नाही. शिवाय आमच्या भागात पिकअपला गिऱ्हाईक कायम असल्यानं बाजारभाव बहुधा कोष्टकाच्या वर जातो. तरी पाय टेकवायला ही जमीन चांगली. मालक साडेपाच मागतो आणि पॉलिसीवर साडेचार असेल, तर वरचा एक लाख कशाचा, हे त्याला शांतपणे विचारता येतं.

तिसरा आकडा बाजाराचा. इथे लोक मोबाइलवरच्या जाहिराती पाहतात आणि त्यालाच भाव समजतात. जाहिरातीत असते ती मागणी. गेल्या दोन-तीन महिन्यांत ज्यांनी तशीच गाडी खरोखर विकली किंवा घेतली, अशा तिघांना गाठून काय हातात पडलं ते विचारावं. मिस्त्री, टायरवाले आणि पाटे बसवणारे यांना हे भाव तोंडपाठ असतात.

आता तब्येत. इथे आमच्या वऱ्हाडाच्या काही खास गोष्टी आहेत, ज्या पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचणार नाहीत.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या पट्ट्यात जमिनीतलं पाणी खारट आहे. खारपाणपट्टा म्हणतो आपण त्याला. या भागातली गाडी बोअरच्या पाण्यानं धुतलेली असते आणि पुष्कळदा रेडिएटरमध्येही कूलंटऐवजी तेच पाणी ओतलेलं असतं. वरून नवा रंग मारलेला असतो. म्हणून इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट फिरवावं. पांढरी-तपकिरी खपली हाताला आली तर आतल्या नळ्या बुजत चालल्या आहेत, असं धरून चालावं. मेच्या महिन्यात अकोल्याच्या उन्हात, पाठीवर माल असताना ही गाडी तापणार. मग हौद्याखाली टॉर्च घेऊन जावं. चेसिसच्या दांड्यांचे आतले कोपरे, फाळक्याच्या बिजागऱ्या, पाटे जिथे अडकतात त्या जागा. वरचा गंज घासून जातो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक रुततं तो गंज मात्र चेसिस खाऊन बसलेला असतो.

त्याआधी गाडीनं काय वाहिलं ते विचारावं, आणि उत्तर हौद्यातच शोधावं. खत, मीठ, मासळी आणि बर्फ वाहिलेली गाडी खालून सडते. गिट्टी-रेती वाहिलेली गाडी पाट्यांत आणि क्लचमध्ये मार खाते. कापसाची गाडी उंच भरलेली दिसते, पण मानानं वजन कमी असतं. मागच्या पाट्यांची चळत मोजावी. जास्तीचा पाटा टाकलेला दिसला, त्याचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा असला, तर गाडीवर कायम ठरल्यापेक्षा जास्त माल चढला आहे. मालक अभिमानानं सांगतो, "पाटा वाढवून घेतला, आता कितीबी टाका." आम्ही हे ऐकलं की पुढे चेसिसवर वेल्डिंगची शिवण शोधायला लागतो.

मेळघाटाच्या बाजूच्या गाड्यांचं वेगळं. परतवाड्याहून चिखलदरा किंवा धारणीकडे रोज चढणाऱ्या गाडीचे ब्रेक आणि क्लच लवकर झिजतात. आणि अमरावती-अकोला रस्ता! जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, पेपरात फोटो आले, आपण सगळे खूश झालो. पण त्याआधी कित्येक वर्षं तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, २०१८-१९ च्या गाड्यांनी काय सोसलं ते. त्या काळात रोज ये-जा केलेल्या गाडीचे बुश, शॉकअप आणि स्टेअरिंगचे सांधे बदललेले असतील तर बिल दाखवा म्हणावं. बदललेले नसतील तर तो खर्च आपला.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहायचं, ही गोष्ट सगळे सांगतात आणि क्वचित कुणी करतं. सकाळी लवकर, न कळवता जावं आणि आधी बॉनेटवर हात ठेवावा. कोमट लागलं तर आपल्यासाठी कुणीतरी आधीच सुरू करून ठेवलं आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं. काळा म्हणजे इंजेक्टर किंवा एअर फिल्टरचं काम. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तिथून धूर भकाभक बाहेर आला, तर आतल्या रिंगा गेल्या. एवढ्या एका कामात भावातले कितीतरी हजार जातात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी धुराची काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. गावातल्या गावात हळूहळू फिरणाऱ्या गाडीत ती तुंबते. डॅशबोर्डवर दिवा लागलेला असेल, किंवा चाबी फिरवल्यावर क्षणभरही लागत नसेल, म्हणजे दिवाच काढून टाकला असेल, तर हात आखडता घ्यावा.

मीटरवर तर विश्वास ठेवूच नये. तो मागे फिरवणारे लोक आहेत. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर, स्टेअरिंगची झिलई, ड्रायव्हरच्या सीटचा बसका स्पंज हे मीटरपेक्षा खरं बोलतात. फास्टॅगचं गेल्या वर्षाचं स्टेटमेंट मागावं. टोलच्या फेऱ्या मोजल्या की गाडी खरोखर किती फिरली याचा अंदाज येतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर भरल्या गाडीत भरवशाचं नाही.

गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्याच शाळेत शिकलेला, आता तिशीतला एक मुलगा. परतवाड्याहून अकोल्याला फळं आणतो, भाड्याच्या गाडीनं. भाडंच सगळा नफा खातं म्हणून स्वतःची घ्यायची ठरली. थोडी बचत, थोडी भिशी, आणि उरलेल्यासाठी अम्मीच्या पाटल्या मोडायच्या होत्या. अम्मीनं स्वतः काढून दिल्या होत्या. त्या रुमालात बांधून खिशात घेऊनच तो आमच्याकडे आला होता. पाहिलेली गाडी अकोल्यात, २०२१ ची, मागणी साडेपाच लाख.

आम्ही तिघं गेलो. गाडी चकचकीत. त्या आधीच्या दोन महिन्यांत तशाच तीन गाड्या कितीला गेल्या ते आमच्या भावानं काढून ठेवलं होतं. मधला आकडा ५ लाख ३० हजार येत होता, तोही चांगले टायर आणि चालू कागद असलेल्या गाडीचा. मग आम्ही वहीत उणे लिहीत गेलो. चारही टायर संपलेले, २८ हजार. क्लच वर पकडत होता, १२ हजार. पाट्यांचे बुश, ६ हजार. फिटनेस पुढच्या महिन्यात संपत होतं, त्यासाठी रंग, दिवे, रिफ्लेक्टर आणि फी धरून १० हजार. विमा संपायला वीस दिवस. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टीच सोळा हजारांच्या पुढेमागे जातो, म्हणून १८ हजार. मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला तर साडेचार हजारांची चलानं बाकी. बेरीज ७८ हजार ५००. म्हणजे त्या गाडीचा रास्त भाव ४ लाख ५१ हजार ५००.

मुलगा गडबडला. "सर, एवढं कमी कसं बोलणार? त्यांना वाईट वाटेल." आम्ही वही त्या मालकाच्या हातात दिली. भाव सांगितलाच नाही, फक्त ओळी दाखवल्या. तो दोन मिनिटं वाचत राहिला, मग म्हणाला, "चाचा, टायरचं बरोबर हाय. बाकी मी देनार नाही." तो पाच लाखांवर अडला, आम्ही सलाम करून निघालो. बारा दिवसांनी त्याचा फोन आला, ४ लाख ७५ हजारांना न्या म्हणून. तोवर मुलाला अमरावतीत दुसरी गाडी मिळाली होती. ४ लाख ९० हजार. टायर नवे, विमा नऊ महिने बाकी, फक्त पंधरा हजारांचं काम. घरी सगळ्यांना ती महाग वाटली. पण अकोल्याची गाडी रस्त्यावर उभी राहीपर्यंत ५ लाख ५३ हजारांना पडली असती आणि ही ५ लाख ५ हजारांत पडली. एक पाटली मोडावी लागली, दुसरी अम्मीच्या हातात परत गेली.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. परिवहनच्या अ‍ॅपवर फिटनेस, विमा, पीयूसी आणि गाडीवर कर्ज आहे का ते दिसतं. कर्ज दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावं लागतं, त्यामुळे सात वर्षांची गाडी घेताना पुढचा वाढता खर्च आताच धरावा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची फी तर एप्रिल २०२२ पासून फार वाढली आहे. आरसीवर ढोबळ वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही, वर असेल तर लागतो. बऱ्हाणपूर किंवा बैतूलकडची एमपी पासिंग गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी, इथला टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं त्या स्वस्ताईत मिळवून पाहावं. लायसन्सची काळजी मात्र कमी झाली आहे. ७५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला हलक्या मोटारीचं लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

व्याजाबद्दल पुष्कळ घरांत संकोच असतो, आणि तो असावाही. पण ज्यांना फायनान्सकडे जावंच लागतं त्यांनी 'फ्लॅट रेट' हा शब्द नीट समजून घ्यावा. तीन लाखांवर १० टक्के फ्लॅट, तीन वर्षं. व्याज ९० हजार, हप्ता १० हजार ८३३. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण तीन लाखांवरच मोजलेलं असतं, म्हणून खरा दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो. गाडीचा भाव कितीही रास्त असला तरी हे ९० हजार तिच्यावर चढतात. भावाभावांनी मिळून गाडी घेणं, किंवा उधारी चुलत-मामे घरातून उचलणं हा मार्ग बरा. पण तोही कागदावर, साक्षीदारांसह. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपल्याकडे "घरातल्याच माणसाचं काय लिहायचं" म्हणून ते टाळलं जातं आणि पुढे ईदलाही एकमेकांच्या घरी जाणं बंद होतं.

आणि हप्ता बसवताना बारा महिने काम धरू नये. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे, मृगाचा फेब्रुवारीपासून, कापूस साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी घरासमोर उभी असते आणि हप्ता चालूच असतो.

"सकाळीच एक गिऱ्हाईक पाच-वीस देऊन गेलं, पन मी म्हनलं आपला मानूस येतोय." हे वाक्य ऐकलं नाही असा एकही सौदा आम्हाला आठवत नाही. कधी कधी ते गिऱ्हाईक समोर उभंही असतं, दलालाचाच माणूस. घ्यायचं नसताना भाव चढवायला बोली लावणं, याला शरीअतमध्ये नजश म्हणतात आणि प्यारे नबी (स.) यांनी ते मना केलं आहे. धान्याच्या ढिगाऱ्यात हात घालून आतला ओलावा दाखवल्याची हदीस आपल्या मुलांना मकतबमध्ये शिकवली जाते. वरून कोरडं, आतून ओलं. वरून रंग, आतून गंज, हे काय वेगळं आहे? ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क फिकहमध्ये गिऱ्हाइकाला दिलेला आहे. व्यवहारात तो वापरायचा तर सौद्याच्या कागदावर एक ओळ लिहून घ्यावी: इंजिन, चेसिस आणि कागदांबद्दल मालकानं काय सांगितलं ते. ही ओळ लिहायला जो मालक तयार होत नाही, त्याला आम्ही पुढचे प्रश्न विचारत नाही.

आता विकणाऱ्यांसाठी. आपल्या वाचकांत तेही आहेत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, नावाची जागा कोरी ठेवून गाडी दलालाला देण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. दलाल ती दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि आरसीवर नाव तुमचंच राहतं. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, कायद्यानं मालक तोच, मधे गाडी कितीही हातांतून गेली असली तरी. त्या गाडीनं अपघात केला तर भरपाईचा दावा तुमच्या दारात येतो. म्हणून फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव समोर लिहून घ्यावं, १४ दिवसांत आरटीओला आणि विमा कंपनीला कळवावं, आणि चाबी देताना एका कागदावर तारखेसोबत वेळही घालून दोघांच्या सह्या घ्याव्यात. सकाळी अकराला गाडी दिली आणि दुपारी दोनला तिचं चलान फाटलं, तर तो कागद कामाला येतो.